औषधाच्या आधी निदान

सीपीके नावाची एक साधी रक्ततपासणी आहे, स्नायू झिजत असतील तर तिचा आकडा वाढतो. तालुक्याच्या गावातल्या लॅबमध्येही ती काही शे रुपयांत होते. चार वर्षांचा मुलगा सारखा पडतो, जिना चढताना कठड्याला लोंबकळतो, जमिनीवरून उठताना आधी ओणवा होतो आणि मग स्वतःच्याच गुडघ्यांवर, मांड्यांवर हात टेकत टेकत उभा राहतो, आणि तरी त्याच्या पोटऱ्या चांगल्या भरलेल्या दिसतात, तेव्हा ही तपासणी करायची असते. आकडा हजारांत आला की ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीची, म्हणजे स्नायू झिजत जाणाऱ्या जनुकीय आजाराची, दाट शंका घ्यायची आणि जनुकतपासणीकडे जायचं.

मी जिल्ह्याच्या गावी लहान मुलांचा दवाखाना चालवते. माझ्याकडे असा मुलगा येतो तेव्हा त्याच्याबरोबर बहुधा एक जाड फाइल येते आणि त्या फाइलीत सगळं असतं, सीपीके नसतो. आधी 'अशक्तपणा' म्हणून टॉनिक आणि कॅल्शियम झालेलं असतं. मग कोणीतरी रक्त तपासलेलं असतं आणि त्यात एसजीओटी, एसजीपीटी वाढलेलं निघालेलं असतं. ही द्रव्यं यकृतात असतात तशी स्नायूंतही असतात, स्नायू झिजायला लागले की तीही रक्तात उतरतात. पण रिपोर्टच्या कागदावर वर 'लिव्हर फंक्शन टेस्ट' असं छापलेलं असतं, त्यामुळे उपचार यकृताचे सुरू होतात. तेल-तूप बंद, काविळीचं गावठी औषध, महिन्या-महिन्याला सोनोग्राफी. काही मुलांची तर यकृताचा तुकडा काढून तपासणीही झालेली असते. मुलगा मात्र पडतच राहतो.

या सगळ्यात वर्ष-दोन वर्षं जातात, आणि तेवढ्या काळात बऱ्याच घरांत दुसरं बाळ जन्माला येतं. ड्यूशेनचा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. आई वाहक असेल तर होणाऱ्या प्रत्येक मुलग्याला तो आजार होण्याची शक्यता निम्मी. थोरल्याचं निदान वेळेवर झालं असतं तर आई-वडिलांना दुसऱ्या खेपेला गर्भाची तपासणी करून घ्यायची की नाही हे ठरवता आलं असतं. ते ठरवण्याचा हक्कच त्यांच्या हातून जातो.

या आजारातून पूर्ण बरं करणारं औषध आजही नाही. म्हणून 'नाव कळून तरी काय उपयोग' असं म्हणणारे भेटतात, त्यांत माझे व्यवसायबंधूही असतात. मला हे अजिबात मान्य नाही. नाव कळलं की नको ती औषधं थांबतात. स्टिरॉइडने मुलाचं चालणं काही वर्षं लांबवता येतं. हृदय वेळच्या वेळी तपासता येतं, कारण पुढे त्याचाही स्नायू झिजतो. सांधे आखडू नयेत म्हणून व्यायाम आधीच सुरू करता येतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा समावेश आहे, त्याचं प्रमाणपत्र मिळतं, शाळेत तळमजल्यावरचा वर्ग मागता येतो. आणि आईची तपासणी होते, तिच्या बहिणींचीही. बरं करता न येणाऱ्या आजारातही निदान म्हणजे इतकं सगळं असतं.

दुर्मिळ आजारांबद्दल आपल्याकडे चर्चा होते ती सोळा कोटींच्या इंजेक्शनची. स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी, म्हणजे एसएमए हा स्नायू लुळे पाडणारा आजार झालेल्या एखाद्या तान्ह्याचा फोटो मोबाइलवर फिरतो, अनोळखी माणसं शंभर, पाचशे रुपये पाठवतात, एखाद्या बाळासाठी खरोखरच रक्कम उभी राहते. पाठवणाऱ्यांच्या चांगुलपणाबद्दल मला शंका नाही, त्या आई-बापांच्या धडपडीबद्दल तर नाहीच. पण या चित्राने एक समज पक्का करून ठेवला आहे की दुर्मिळ आजार म्हणजे परवडत नाही असं औषध. माझं म्हणणं वेगळं आहे. बहुतेक मुलांचं नुकसान औषधाच्या किमतीपर्यंत पोचण्याच्या आधीच झालेलं असतं. आजार ओळखायला लागलेला उशीर त्यांना मारतो किंवा कायमचं अधू करतो, आणि हा उशीर कमी करणं सरकारच्या आवाक्यात आहे. म्हणून पहिला पैसा आणि पहिली जबाबदारी निदानाची असली पाहिजे.

जगात असे सात-आठ हजार आजार मोजले जातात. हजारात एक किंवा त्याहून कमी लोकांना होणारा आजार दुर्मिळ, असं जागतिक आरोग्य संघटना मानते. अमेरिकेत देशभरात दोन लाखांपेक्षा कमी रुग्ण असलेला आजार दुर्मिळ धरतात. भारताने अशी आकड्याची व्याख्या केलेलीच नाही, कारण मोजणीच नाही. यांतले सुमारे ८० टक्के आजार जनुकीय आहेत आणि पाच टक्क्यांहून कमी आजारांवर नेमकं औषध आहे. एकेक आजार दुर्मिळ असला तरी कुठला ना कुठला दुर्मिळ आजार असलेलं मूल माझ्यासारख्या साध्या दवाखान्यातही नियमित येतं.

मग ते ओळखू का येत नाही? डॉक्टर निष्काळजी असतात हे सोपं उत्तर आहे, आणि ते बऱ्याच अंशी चुकीचं आहे. हर्लर सिंड्रोमचं उदाहरण घ्या. शरीरातली एक विशिष्ट साखळी-शर्करा तोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, या मुलांत नसतं, ती शर्करा सगळ्या अवयवांत साठत जाते. बाळ जन्मतः ठीक दिसतं. काही महिन्यांत बेंबीचा किंवा जांघेचा हर्निया होतो, सर्जन तो नीट शिवतो. वारंवार सर्दी, कानात पाणी, झोपेत घोरणं, म्हणून कान-नाक-घशाचे डॉक्टर अॅडिनॉइड काढतात. पाठीला कुबड येतं, अस्थिरोगतज्ज्ञ एक्स-रे काढतात. डोळ्यांची बुबुळं धूसर होतात, नेत्रतज्ज्ञ थेंब देतात. पोट मोठं दिसतं ते जंताचं म्हणून. प्रत्येकाने आपापल्या हद्दीत बरोबर काम केलेलं असतं. या सगळ्या तक्रारी एकाच आजाराच्या आहेत हे म्हणायला कोणीतरी सगळी फाइल एका बैठकीत वाचावी लागते, आणि पन्नास जणांच्या ओपीडीत तो वेळ कोणाकडे नसतो. त्यात या मुलांचा श्वासमार्ग अरुंद आणि मान ताठ असते. निदान माहीत नसताना हर्नियासाठी दिलेली भूलसुद्धा जिवावर बेतू शकते. या आजारात रक्तमूलपेशींचं प्रत्यारोपण केलं तर मेंदू बऱ्यापैकी वाचतो, पण ते साधारण दोन-अडीच वर्षांच्या आत व्हावं लागतं. नाव कळेपर्यंत ती मुदत बहुतेक वेळा संपलेली असते.

काही आजार तर एवढाही वेळ देत नाहीत. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींचा जन्मजात दोष, ज्याला आम्ही सीएएच म्हणतो, त्याच्या तीव्र प्रकारात शरीरातलं मीठ टिकत नाही. मुलगी असेल तर जननेंद्रियाच्या वेगळेपणावरून जन्मतःच शंका येते. मुलगा असेल तर काही दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तो दूध ओकायला लागतो, सुकतो, थंडगार पडतो आणि जातो. गॅलेक्टोसिमियात तर आईचं दूधच बाळाला विष ठरतं. कावीळ होते, यकृत बिघडतं, रक्तात जंतुसंसर्ग होतो. अशा बाळाच्या मृत्यूच्या कागदावर 'जंतुसंसर्ग' लिहिलं जातं. ते खोटंही नसतं, पण त्यामागचं कारण त्या बाळाबरोबर पुरलं जातं. घरच्यांच्या हातात काहीच उरत नाही, आणि पुढच्या बाळाच्या वेळी पुन्हा तेच होऊ शकतं.

यावर उपाय कुठल्या परग्रहावरून आणायचा नाही. बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचे काही थेंब फिल्टर पेपरवर घ्यायचे, वाळवायचे आणि प्रयोगशाळेत पाठवायचे. रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत फिनाइलकीटोन्युरिया या आजारासाठी रुळवली. आज अनेक देशांत प्रत्येक बाळाची अशी चाळणी होते. केरळ सरकारी रुग्णालयांत जन्मणाऱ्या बाळांसाठी हे करतं. शेजारच्या गोव्याने २००८ मध्ये सुरुवात केली होती. महाराष्ट्रात खासगी प्रसूतिगृहात पैसे भरून ही तपासणी होते. सरकारी रुग्णालयात जन्मलेल्या प्रत्येक बाळाला ती मिळेलच अशी व्यवस्था मात्र आपण उभी केलेली नाही. राज्यात ९० टक्क्यांहून अधिक बाळंतपणं दवाखान्यात होतात. म्हणजे बाळ आपल्या हातात असतं, टाच समोर असते, आणि आपण टोचत नाही.

पुण्या-मुंबईतली सुखवस्तू मंडळीच फक्त या चाचणीची मागणी करतात, गरिबांच्या राज्यात कुपोषण, अॅनिमिया, क्षयरोग असताना ही चैन कशाला, असा आक्षेप मी आरोग्य खात्यातल्या चांगल्या, कळकळीच्या माणसांकडून ऐकला आहे. मेळघाटात किंवा नंदुरबारमध्ये काम केलेल्या माणसाने हा प्रश्न विचारला तर तो झटकून टाकता येत नाही. त्याचं उत्तर द्यायला हवं.

उत्तराची सुरुवात थायरॉइडपासून करते. जन्मतः थायरॉइड कमी असणं भारतात साधारण हजार-दीड हजार बाळांमागे एकात आढळतं. म्हणजे जेमतेम दुर्मिळ म्हणावं असं. पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली तर मूल इतरांसारखं वाढतं, शिकतं. सहा महिने उशीर झाला तर बुद्धी कायमची मागे पडते आणि नंतर कितीही गोळ्या दिल्या तरी ती भरून येत नाही. गोळी रोजची काही रुपयांची. हा आजार चाळणीत पकडला की त्या एका व्यवस्थेत, त्याच कागदावरच्या रक्तात, सीएएचही तपासता येतो, गॅलेक्टोसिमियाही. एसएमएची जनुकचाचणीसुद्धा त्याच सुकलेल्या रक्तावर होऊ शकते. कुपोषणाचा निधी तोडून हे करायला कोणी सांगत नाही. आणि मतिमंदत्व आलेल्या मुलाला आयुष्यभर सांभाळण्याचा खर्च सरकारच्या वहीत दिसत नाही म्हणून तो नसतो असं नाही. तो आईच्या मजुरीतून जातो. गरिबाच्या घरात असं मूल असणं म्हणजे एका कमावत्या माणसाने कायम घरी बसणं.

चाळणी सुरू करणं सोपं आहे आणि चालवणं अवघड, हेही मान्य केलं पाहिजे. नमुना बाळ दोन-तीन दिवसांचं झाल्यावर घेणं उत्तम, पण बाळंतीण तर दुसऱ्याच दिवशी घरी निघते. रिपोर्ट पंधरा दिवसांनी आला तर सीएएचच्या बाळासाठी तो निरुपयोगी. पॉझिटिव्ह आलेल्या बाळाची आई माहेरी, फोन नवऱ्याकडे, नवरा ऊसतोडीला. या ठिकाणी आशाताईच लागतात. आपल्याकडे त्यांचं जाळं आहे, त्या घराघरांत पोचतात, लसीकरणासाठी हेच काम त्या रोज करतात. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे, त्यांची पथकं अंगणवाड्या आणि शाळांत मुलं तपासतात, जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांची केंद्रं आहेत. सांगाडा उभा आहे. उणीव आहे ती प्रयोगशाळेची, वेळेत नमुना पोचवणाऱ्या कुरिअरची आणि रिपोर्ट आल्यावर आईशी बोलणाऱ्या माणसाची.

या शेवटच्या माणसाबद्दल थोडं थांबून लिहिते, कारण खात्याच्या कुठल्याही आराखड्यात तो सहसा नसतो. जनुकीय आजाराचं निदान घरात पोचलं की पहिला प्रश्न औषधाचा नसतो. 'कोणाकडून आलं?' हा असतो. 'आमच्या घराण्यात असलं काही नाही' असं सासूबाई म्हणतात आणि विषय तिथे सुनेवर येऊन थांबतो. बहुतेक चयापचयाच्या आजारांत दोष दोघांकडून आलेला असतो, आई-वडील दोघेही निरोगी वाहक असतात आणि प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. ड्यूशेनमध्ये दोष आईकडून आलेला असू शकतो, पण बऱ्याच वेळा तो त्या मुलातच नव्याने घडलेला असतो. हे शांतपणे, दोघांना समोर बसवून, सासूलाही बोलावून सांगावं लागतं. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत अनेक समाजांत आहे. नात्यातल्या लग्नात दोघेही एकाच दोषाचे वाहक असण्याची शक्यता वाढते, हे सांगायचं तर कोणाच्या रीतीची टिंगल न करता सांगायला हवं. दहा मिनिटांत हे होत नाही. त्यासाठी प्रशिक्षित समुपदेशक लागतात, आणि प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात असे दोन तरी असावेत ही माझी मागणी आहे. जनुकतपासणीच्या रिपोर्टवर कित्येकदा 'अर्थ अनिश्चित' असा शेरा येतो, कारण जगातला बहुतांश जनुकीय साठा युरोपीय वंशाच्या लोकांचा आहे. जिनोम इंडिया प्रकल्पाने सुमारे दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली केली, त्याने हे हळूहळू सुधारेल. तोवर तो शेरा आई-वडिलांना समजावून सांगायलाही माणूसच लागणार.

आता पैशाकडे येते. केंद्राचं राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण मार्च २०२१ मध्ये आलं. २०१७ चं आधीचं धोरण स्थगित झालं होतं, त्यानंतरचं हे. सुरुवातीला मदत २० लाखांची आणि फक्त एकदाच्या उपचाराने बऱ्या होणाऱ्या आजारांना होती. मे २०२२ मध्ये ती धोरणातल्या आजारांच्या सर्व गटांसाठी ५० लाखांपर्यंत केली. हे पुढचं पाऊल होतं आणि त्याने मुलं जगली आहेत. पण गोशे आजाराचं मूल डोळ्यांसमोर आणा, ज्यात एक विकर कमी असल्याने प्लीहेत आणि हाडांत मेद साठत जातो. त्याला दर दोन आठवड्यांनी शिरेतून विकर द्यावं लागतं, आयुष्यभर. प्लीहा लहान होते, प्लेटलेट वाढतात, हाडं दुखायची थांबतात, मूल शाळेत जायला लागतं. डोस वजनावर ठरतो. धोरणातच नमूद आहे की दहा किलोच्या मुलाला अशा आजारांत वर्षाला दहा लाखांपासून एक कोटीहून अधिक खर्च येऊ शकतो. मूल चांगलं वाढायला लागलं की औषधही वाढतं आणि ५० लाख लवकर संपतात. संपले की विकर थांबतं आणि प्लीहा पुन्हा वाढायला लागते. उपचाराला यश येतंय म्हणूनच मदत लवकर आटते, अशी ही रचना आहे. आयुष्यभराच्या आजाराला एकरकमी मर्यादा लावणं चूक आहे, ती वार्षिक असली पाहिजे आणि दरवर्षी मुलाची प्रगती पाहून पुढे चालू ठेवली पाहिजे. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दोन वर्षांसाठी ९७४ कोटींचा राष्ट्रीय निधी उभारायला सांगितलं, ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. लोकवर्गणीसाठी सरकारने स्वतःचं पोर्टलही काढलं होतं, त्यावर जमलेली रक्कम अगदीच तुटपुंजी निघाली. आजारी बाळांना वर्गणीवर सोडणं हे धोरण होऊ शकत नाही.

किंमत म्हणजे काही निसर्गनियम नव्हे, हे गेल्या काही वर्षांत दोनदा ठळकपणे दिसलं. टायरोसिनिमियाच्या पहिल्या प्रकारात यकृत निकामी होतं. त्यावर नायटिसिनोन नावाचं औषध आहे, ज्याचा शोध मुळात तणनाशक म्हणून लागला होता. लहान मुलाला त्याचा वर्षाचा खर्च दोन कोटींच्या वर जायचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने भारतीय कंपन्यांनी बनवलेल्या औषधांची घोषणा केली आणि हाच खर्च अडीच लाखांच्या आसपास आला. दुसरं उदाहरण एसएमएवरच्या रिस्डिप्लामचं. सहा लाखांच्या घरातली एक बाटली. पेटंटच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने मूळ कंपनीची मनाईची मागणी फेटाळली, सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही, आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये नॅटको या भारतीय कंपनीचं तेच औषध १५,९०० रुपयांना बाजारात आलं. सोळा कोटींच्या बातम्यांच्या तुलनेत या बातमीवर फारच थोडी चर्चा झाली. मला ती या दशकातली सर्वांत महत्त्वाची बातमी वाटते. आणि इथेच निदानाचा मुद्दा पुन्हा पुढे येतो. एसएमएत मेरुरज्जूतल्या चेतापेशी मरतात, गेलेल्या परत येत नाहीत. लक्षणं दिसायच्या आधी औषध सुरू झालेलं बाळ बसतं, बरीच बाळं चालतातही. वर्षाच्या वयाला, श्वास लागल्यावर सुरू झालं तर तेच औषध फार थोडं देतं. औषध स्वस्त झाल्यावर उशिराची सबबही संपली.

एक कठोर वाटेल असं मतही मांडते. प्रत्येक बाळाला प्रत्येक औषध मिळेल असं सरकारने म्हणू नये. आजार फार पुढे गेला असेल, व्हेंटिलेटरशिवाय श्वास चालत नसेल, तर कोट्यवधींचं औषध सुरू करण्याऐवजी त्या मुलाला वेदना होऊ नयेत, दूध गिळताना ठसका लागू नये, आईला रात्री झोप मिळावी, यावर खर्च व्हावा. हे नियम डॉक्टर, पालकांच्या संघटना आणि सरकार यांनी एकत्र बसून, उघडपणे ठरवावेत. आज तसे नियम उघड नसल्यामुळे कोणाला मदत मिळाली आणि कोणाला नाही याचं कारण आई-वडिलांना कळत नाही, आणि ज्याच्या गावात आमदाराची ओळख आहे त्याचं काम होतं असा समज पसरतो.

२०२१ च्या धोरणात दुर्मिळ आजारांसाठी नेमलेल्या पहिल्या आठ उत्कृष्टता केंद्रांत महाराष्ट्रातून एकच नाव होतं, मुंबईचं केईएम. तिथले डॉक्टर प्रचंड गर्दीत हे काम करतात. पण विकर शिरेतून द्यायला दर पंधरवड्याला परळला जायची गरज नसते. निदान, डोस, वार्षिक तपासणी केईएमने करावी. सलाइनमधून औषध चढवण्याचं काम जिल्हा रुग्णालयात होऊ शकतं. दोन ते आठ अंशांत औषध ठेवणारा, बॅकअप असलेला फ्रिज, अॅलर्जीची रिअॅक्शन आली तर सांभाळू शकेल अशी प्रशिक्षित सिस्टर, तीन-चार तास मोकळी असलेली एक खाट. गडचिरोलीच्या किंवा धाराशिवच्या बापाचा दर पंधरा दिवसांचा रेल्वेप्रवास आणि तीन दिवसांची मजुरी यामुळे वाचेल, आणि औषध फुकट मिळत असूनही मध्येच उपचार सोडून देणारी मुलं टिकतील. यासाठी संसदेचा कायदा लागत नाही. आरोग्य खात्याचा एक शासन निर्णय आणि जिल्हा शल्यचिकित्सकांसाठी एक प्रशिक्षण पुरेसं आहे. टाचेच्या रक्तासाठीही तितकंच. पहिल्या वर्षी चार जिल्हे घ्या, थायरॉइड आणि सीएएच या दोनच आजारांपासून सुरुवात करा, आणि किती बाळं सापडली, किती दिवसांत गोळी सुरू झाली, हे दर महिन्याला जाहीर करा.